ऋतुजाच्या नावाची नळी

चार वर्षं झाली, पण हे वाक्य मी अजून मनातल्या मनातसुद्धा पूर्ण म्हटलेलं नाही. अर्ध्यावर येते आणि दुसरंच काहीतरी काम काढते — ओटा पुसते, नाहीतर माझ्या लेकीच्या, सायलीच्या दप्तरातले जुने कागद काढत बसते. नवऱ्याला हे माहीत नाही. सख्ख्या बहिणीला नाही. आज तुमच्यापुढे का बसले, तेही मला धड सांगता येणार नाही. बसलेय खरी. मधेच उठले नाही म्हणजे मिळवली.

आधी मी कोण ते सांगते. संगमनेरात राहते, लॅब टेक्निशियन आहे — लोकांच्या बोलीत रक्त काढणारी बाई. पुष्कळ वर्षं हेच काम करतेय. कुणा तान्ह्या बाळाची शीर सापडेना झाली की डॉक्टरांचा मला फोन यायचा. मी जायची, बाळाचा हात हातात घ्यायची, बोटानं चाचपायची आणि पहिल्याच सुईत रक्त यायचं. बाळाला रडायचं सुचायच्या आत सुई बाहेर. ‘ताईंचा हात हलका आहे’ — हे मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि खरं सांगू? दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं आवडलंय. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला दयाळू म्हणवून घ्यायचा प्रयत्न करीन. तेव्हा हे लक्षात असू द्या.

त्या वर्षांत बाहेरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा अभ्यास आमच्या तालुक्यात आला होता. गोवर होऊन गेला, किंवा गोवराची लस घेतली, की मुलांच्या रक्तात त्या रोगाला अडवणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती किती वर्षं टिकतात, एवढंच त्यांना बघायचं होतं. कुणाला नुसती लस मिळालेली, कुणाला आजारच होऊन गेलेला, कुणाला दोन्ही — सगळ्यांची सारखीच ओसरतात का? त्यासाठी त्याच त्या मुलांचं रक्त दर वर्षी एकदा, अशी तीन वर्षं घ्यायचं होतं. आमच्या बाजूच्या गावांत रक्त घ्यायला मी, बाकीकडे दुसरे टेक्निशियन. नळीवर मुलाच्या नंबराची चिठ्ठी चिकटवायची, थंड पेटीत ठेवायची, गाडी येऊन घेऊन जायची. महिनाभरानं प्रत्येक घरी एक कार्ड जायचं. ‘संरक्षण पुरेसे आहे’, नाहीतर ‘आरोग्य केंद्रात जाऊन आणखी एक डोस घ्यावा’. आईवडलांना आकडे काय कळणार, म्हणून आमच्या मॅडमनीच तसं साधं लिहून घेतलं होतं. मॅडम म्हणजे अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर. शांत बाई. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

आणि ऋतुजा.

ऋतुजा पठारावरच्या एका वस्तीतली. आईचं नाव अलका. घरच्या चार गाई, थोडी कोरडवाहू जमीन, नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पहिल्या वर्षी मी गेले तेव्हा ऋतुजा जेमतेम दोन वर्षांची होती. लसीचं कार्ड हरवलेलं. “पैला डोस झालाय ताई, नक्की झालाय,” अलका म्हणाली. “दुसरा त्या लॉकडाऊनच्या गडबडीत... झाला आसंल. आमी काय लिहून ठेवतोय व्हय.” त्या वर्षी तिच्या रक्तात संरक्षण चांगलं निघालं. दुसऱ्या वर्षी बरंच खाली आलेलं, अगदी काठावर. मॅडमनी मला मुद्दाम सांगितलं होतं, “या मुलीकडे लक्ष ठेवा. पुढच्या फेरीत आणखी उतरलं तर हिला लगेच डोस द्यायचा.”

हे मला सांगितलेलं होतं. मला माहीत होतं. पुढचं ऐकताना हे विसरू नका — मी विसरले नव्हते.

पण दुसऱ्या वर्षाचंच अजून सांगायचं राहिलं. त्या वर्षी ऋतुजाची शीर मला सापडली नाही. असं व्हायचंच नाही कधी, पण झालं. एका हाताला टोचलं, काही नाही. दुसऱ्या हाताला टोचलं, शीर निसटली. तिसऱ्यांदा मनगटाजवळ टोचलं तेव्हा कुठे रक्त आलं. पोर रडून रडून निळी पडली होती. अंगणात शेजारणी जमल्या होत्या. अलकाची सासू मला म्हणाली, “लेकराची नुस्ती चाळण केली की वं बाई. येत न्हाई तर कशाला हात लावता?” अलका ओशाळली, मला चहा करायला आत गेली. चहा घेतला मी. कप दोन्ही हातांनी धरला होता. त्या शेजारणींची तोंडं मी वर्षभर विसरले नाही. ऋतुजाचं रडणं लक्षात राहिलं नाही — राहिली ती त्यांची तोंडं.

तिसऱ्या वर्षी त्या वस्तीवर जायचं मी पुढे ढकलत राहिले. आज ऊन फार आहे, उद्या दुसरीकडची मुलं आहेत. असं करत फेरीचा शेवटचा दिवस आला. शनिवार होता. दुपारी चारला गाडी येणार होती. सकाळी निघाले, घाट चढले, वस्तीच्या वळणापर्यंत पोचले. अंगणात ऋतुजा एकटीच खेळत होती. तिनं स्कूटी बघितली, मग पायाशी ठेवलेली पांढरी पेटी बघितली. रडली नाही हो. ओरडलीसुद्धा नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तशीच उभी राहिली. चार वर्षांची पोर — तिला वाटलं, हात दिसले नाहीत म्हणजे झालं.

मी स्कूटी वळवली.

मला तिची दया आली, असं मी किती तरी दिवस स्वतःला सांगत होते. आली नसेल असं नाही. पण दया आली असती तर मी संध्याकाळी मॅडमना फोन केला असता, की या मुलीचं रक्त मिळालं नाही. एवढंच करायचं होतं! अशी मुलं असायचीच — कुणी मामाकडे गेलेलं, कुणाच्या घरचे नको म्हणायचे. नोंद करायची, पुढे जायचं. कुणी मला रागावलं नसतं. मग का नाही केला फोन? कारण तोवर माझ्या यादीत एकही जागा रिकामी राहिली नव्हती. बाकीच्या सगळ्या टेक्निशियनांच्या राहिल्या होत्या, माझी एकही नाही. आणि मॅडम ते चारचौघांत बोलून दाखवायच्या.

घरी आले तेव्हा सायली शाळेतून आली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची. शनिवारची सकाळची शाळा, आल्या आल्या पोह्यांची ताटली घेऊन बसलेली. मी म्हटलं, “सायले, जरा हात दे.”

“मला काय झालंय?”

“काही नाही गं. बघायचंय.”

तिनं ताटली मांडीवर ठेवली आणि डावा हात पुढे केला. उजव्या हातानं पोहे खात राहिली. मी रबर बांधलं, एका सुईत रक्त घेतलं. नळीवर ऋतुजाच्या नंबराची चिठ्ठी चिकटवली. फॉर्मवर वस्तीचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली.

हेच ते. ऋतुजाच्या नावानं मी माझ्या मुलीचं रक्त पाठवलं.

आणि सायलीचं रक्त कसलं? तिला लहानपणी गोवर होऊन गेलेला, त्यावर लसही झालेली. तिच्या रक्तात प्रतिपिंडं अशी भरभरून, की विचारू नका. हे मला ठाऊक होतं. उत्तर काय येणार हे मला सुई लावायच्या आधीच ठाऊक होतं.

आलं तसंच. मॅडम फोनवर जरा चकित झालेल्या वाटल्या. म्हणाल्या, उतरत चाललेलं एकदम एवढं वर गेलं, म्हणजे मधल्या काळात तिचा कुठेतरी विषाणूशी संबंध आला असावा, शरीरानं आपोआप उजळणी केली. होतं असं, म्हणाल्या. मी हं म्हटलं.

कार्ड द्यायला मीच गेले. ‘संरक्षण पुरेसे आहे.’ अलकानं ते दोनदा वाचलं. मग तिला प्रश्न पडला — पडणारच. “पण ह्या टायमाला रगत कधी घेतलं ताई? मला कुनी बोललं न्हाई.”

तुम्हाला वाटेल, इथे तरी माझी जीभ अडखळली असेल. नाही अडखळली. मी म्हटलं, “अंगणवाडीत घेतलं ना. इतकं पटकन झालं, तिला कळलंसुद्धा नाही.”

अलकाचा चेहरा असा फुलला! “कळलं बी न्हाई?” तिनं ऋतुजाला हाक मारली. तेव्हा ऋतुजा एका हाकेला यायची. “ऋतू, ताईंनी सुई दिली का गं तुला?” ऋतुजा म्हणाली, “न्हाई.” आणि अलका हसली, “बगा! हिला आठवत बी न्हाई. लई हलका हात तुमचा, ताई.”

पोर खरं बोलत होती, आणि तिच्या आईनं माझ्यावर विश्वास ठेवला.

त्यानंतर काही आठवड्यांनी आरोग्य केंद्राच्या सिस्टर वस्तीवर आल्या. आसपासच्या तालुक्यांत गोवराचे रुग्ण निघाले होते, म्हणून पाच वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना एक जादा डोस द्यायचा होता. अलकानं कार्ड आणून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, “असलं तरी घ्या, जास्तीचा डोस बाधत नाही.” अलकानं ऋतुजाकडे बघितलं असेल. तिला दुसऱ्या वर्षीच्या तीन सुया आठवल्या असतील. ती म्हणाली, “रक्तात हाय म्हणून लिवलंय की. मग पोरीला परत कशाला रडवायचं?” हे तिनंच मला नंतर सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

ऋतुजाला गोवर झाला. वस्तीतल्या आणखी दोन मुलांना झाला, ती आठवड्यात उठली. ऋतुजाच्या सासूबाईंनी — चुकलं, अलकाच्या सासूबाईंनी — पोरीच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवला, अंघोळ बंद केली, चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी पोरीला धाप लागली. तिला संगमनेरला आणलं, दवाखान्यात ठेवलं. आणि मला फोन आला. शीर सापडत नव्हती.

गेले. नाही कसं म्हणणार? ऋतुजाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, अंगावर तांबूस-काळपट पुरळ, डोळे चिकटलेले. अलका मला बघून उभी राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, “आल्या बाई ताई. आता काळजी न्हाई.” मी ऋतुजाचा हात हातात घेतला. तापानं नुसता भाजत होता. पहिल्या सुईत रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, वा. त्या वेळी बोलता आलं असतं. डॉक्टर तिथे होते, अलका तिथे होती. मी कापूस दाबून धरला, दोन मिनिटं दाबून धरला, लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. मग नळी घेऊन बाहेर आले.

फुप्फुसाचं दुखणं आटोक्यात आलं. पण दोन्ही कान वाहायला लागले होते, आणि ते लवकर थांबेनात. घरी गेल्यावर महिन्याभरानं अलकाच्या लक्षात आलं, पोर हाक मारली तरी मान वळवत नाही. आधी तिला वाटलं, आजारानं हट्टी झालीय. एकदा त्यावरून तिनं ऋतुजाला फटका मारला. तेही तिनंच मला सांगितलं — रडत. “तिला ऐकूच येत नव्हतं ताई, आन् मी मारलं.”

तो फटका कुणाचा होता, हे मी तिला सांगितलं नाही.

मॅडम मुद्दाम पुण्याहून आल्या. आमच्या लॅबच्या खोलीत बसल्या, समोर ऋतुजाचे तिन्ही वर्षांचे कागद. म्हणाल्या, “इतकी प्रतिपिंडं असताना तीन महिन्यांत एवढा जोराचा गोवर... व्हायला नको असं. आपल्या अभ्यासात दुसरं एकही मूल असं नाही.” मग हलकेच विचारलं, “नळ्यांची अदलाबदल झाली असेल का हो? कुणाकडूनही होऊ शकतं. मी रागवायला विचारत नाहीये.”

दार उघडून धरलं होतं त्यांनी. यापेक्षा मोठं कुणी काय उघडणार?

“माझ्याकडून नाही होणार, मॅडम.”

त्यांनी मान हलवली. “तेच. तुमच्याकडून नाहीच होणार.” आणि चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

पहिलं खोटं पोह्यांच्या ताटलीसमोर झालं — घाईत झालं, बघता बघता झालं, असं हवं तर म्हणा. हे मात्र तसं नव्हतं. हे मी शुद्धीत, खुर्चीवर बसून, त्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलले. त्यांच्या अहवालात ऋतुजा आहे. नाव नाही, नंबर आहे. रक्तात भरपूर संरक्षण असूनही गोवर झालेली मुलगी, कारण अज्ञात. अज्ञात! अहवालाच्या शेवटी आभार मानलेत, त्यात माझं नाव आहे. तो कुठे ठेवलाय मला माहीत आहे, पण त्या कपाटाचा तो कप्पा मी उघडत नाही.

आणि एक गोष्ट मला बसू देत नाही. त्या शनिवारी मी खरंच ऋतुजाचं रक्त घेतलं असतं, तर काय निघालं असतं? कदाचित प्रतिपिंडं उतरलेली निघाली असती, तिला डोस मिळाला असता, ती आज एका हाकेला आली असती. कदाचित पुरेशी निघाली असती आणि तरीही गोवर झाला असता. कुणास ठाऊक? रात्रंदिवस मी हे उलटसुलट करते. पण ‘कुणास ठाऊक’ म्हणायचा हक्क मला कुठून आला? ठाऊक व्हायचा एकच रस्ता होता. तो मीच बुजवला, आणि आता त्याच्याच आडोशाला उभी राहते.

वस्तीवर काय झालं ते अजून सांगितलं नाही. दूध संकलनाच्या रांगेत लोक बोलायला लागले. “मोठ्या डाक्टरांनी तीन वर्सं रगत तपासलं, कार्ड दिलं, तरी पोरगी बहिरी झाली. मग लस काय कामाची?” पुढच्या लसीकरणाला त्या वस्तीतून निम्मी मुलंसुद्धा आली नाहीत. सिस्टर दारोदार फिरल्या, लोकांनी त्यांना ऋतुजा दाखवली. ऋतुजा हाच पुरावा. लोक चुकत होते का? त्यांच्यापुढे जे ठेवलं होतं त्यावरून ते बरोबरच बोलत होते. ठेवलं मी होतं.

अलकाला गेल्या वर्षी पुन्हा मुलगी झाली. धाकटी नऊ महिन्यांची झाली तशी सिस्टरांनी मला गाठलं. “अलका गोवराची लस देत नाही म्हणते. तुमचं ऐकेल.” सिस्टरांना काय माहीत! मी गेले. मनाशी ठरवून गेले की आज सांगायचं — सगळं. ओसरीवर बसले. अलकानं धाकटीला माझ्या मांडीवर दिलं. मी सुरुवात केली, “अलका, त्या तिसऱ्या वर्षीच्या रक्ताचं...” आणि ती म्हणाली, “जाऊ द्या ताई. तुमचा त्यात काय दोष? आमचं नशीब.” इतकं चटकन म्हणाली, जसं काही कधीपासून मला सांगायचं ठरवून ठेवलं होतं. मी तिथेच थांबले. पुढचं वाक्य बदललं. म्हटलं, “धाकटीला लस दे. माझं ऐक.”

तिनं धाकटीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. मग म्हणाली, “तुमी म्हनताय म्हणून देते. दुसरं कुनी आसतं तर न्हाई दिली आसती.”

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सिस्टरांनी लस दिली. धाकटीला मीच धरलं होतं. ऋतुजा शेजारी उभी होती. आता आठ वर्षांची आहे, दोन्ही कानांना यंत्रं आहेत, पण गलक्यात तिला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते. सगळे वळून बघतील अशा मोठ्या आवाजात ती मला म्हणाली, “दुखंल का तिला?”

“थोडंसं,” मी म्हटलं.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मी बाळ अलकाच्या हातात दिलं, चपला घातल्या आणि निघाले.